आघाडा, निवडुंग आणि एकवीस लेपांचा दोरा

पौड ओलांडून मुळशी धरणाकडे निघालं की श्रावणात रस्त्याच्या दोन्ही कडांना आघाडा माजलेला दिसतो. खाचरांच्या बांधांवर, पडक्या भिंतींच्या सांदीत, एसटीच्या थांब्यामागे. गणपतीच्या पत्रीत तो लागतो आणि ऋषिपंचमीला बायका त्याच्या काड्यांनी दात घासतात. एरवी त्याला कुणी विचारत नाही. पुढे त्याचे तुरे वाळले की धोतराला, साडीला, सलवारीला चिकटतात, तेवढीच काय ती ओळख. या तणाची राख शस्त्रक्रियेच्या कामाला येते, हे सांगितलं तर लोक हसतात.

काम नाजूक जागेचं आहे. गुदद्वाराच्या आतल्या बाजूला सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांतल्या एखादीत जंतुसंसर्ग होऊन गळू होतं, ते बाहेरच्या कातडीशी फुटतं आणि आत-बाहेर जोडणारी एक नळी मागे राहते. हाच भगंदर. पू येतो, थांबतो, पुन्हा येतो. हिंजवडीत दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला होतो तसा चिखलात वाकून भात लावणाऱ्यालाही होतो. दुखणं सांगायची लाज वाटते म्हणून माणूस वर्ष-वर्ष काढतो. मग कुठल्या तरी कमानीखाली ‘मूळव्याध-भगंदर, खात्रीशीर इलाज’ असा फलक दिसतो आणि त्या फलकाखालच्या खोलीत तो जातो. तिथे पुढे काय होतं, ते नंतर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारावं.

नळी कापून उघडली तर आजार बरा होतो, हे सोपं वाटतं. पण ती नळी अनेकदा मल रोखून धरणाऱ्या गोल स्नायूतून जाते. स्नायू जास्त कापला गेला तर शौचावरचा ताबा जातो. पू परवडला, असं म्हणायची वेळ येते. कापायचं तर आहे, पण एका फटक्यात नाही, हा तो पेच.

त्यावरची युक्ती म्हणजे क्षारसूत्र. लिननचा जाड शस्त्रक्रियेचा दोरा चौकटीवर ताणून बसवायचा आणि त्यावर निवडुंगाचा, म्हणजे कुंपणाला लावतात त्या काटेरी थोराचा चीक फिरवून वाळवायचा. असे अकरा लेप. मग चीक आणि आघाड्याचा क्षार यांचे सात. शेवटी चीक आणि हळद यांचे तीन. एकूण एकवीस. क्षार म्हणजे वाळलेलं झाड जाळून, राख पाण्यात कालवून, ते पाणी पुन्हा पुन्हा गाळून आणि आटवून उरलेली पांढरी भुकटी. हा दोरा नळीतून ओवून बाहेर गाठ मारतात आणि दर आठवड्याला बदलतात. जुन्या दोऱ्याच्या टोकाला नवा बांधायचा आणि ओढून घ्यायचा. क्षार हळूहळू ऊती कापत जातो, पू वाहून जातो आणि पुढे कापलं जात असताना मागची जखम भरत येते. स्नायूची टोकं एकदम दूर फाकत नाहीत. प्रत्येक वेळी दोरा किती आखूड झाला ते मोजायचं आणि एक सेंटिमीटर कापायला किती दिवस लागले त्याची नोंद ठेवायची. आयुर्वेदाच्या बाह्यरुग्ण विभागात फूटपट्टी दिसली की मला बरं वाटतं.

या दोऱ्याचं मूळ सुश्रुतापर्यंत जातं. सुश्रुत म्हटलं की नाकाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघतेच, ती आज राहू दे. नाडीव्रणाच्या, म्हणजे नळीसारख्या जखमेच्या चिकित्सेत सुश्रुतसंहिता सांगते की रुग्ण कृश असेल, दुबळा असेल, भित्रा असेल किंवा जागा मर्माची असेल तर शस्त्राऐवजी क्षारसूत्राने छेद करावा. म्हणजे रोग एक असला तरी माणूस पाहून साधन निवडायचं. भगंदरात दोरा ओवायची कल्पना ग्रीकांनाही सुचली होती. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात दोऱ्याला घोड्याचा केस गुंडाळलेला आहे. आपल्याकडे ही पद्धत नव्याने रुजवली ती बनारस हिंदू विद्यापीठातल्या प्रा. पी. जे. देशपांडे यांनी. त्यांनी आणि के. आर. शर्मा यांनी 200 रुग्णांचा पाठपुरावा करून 1973 मध्ये तो एका अमेरिकी शल्यपत्रिकेत छापला.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांवर 502 रुग्णांची चाचणी घेतली. कुणाला दोरा आणि कुणाला नेहमीची शस्त्रक्रिया, हे वैद्याच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. 1991 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. दोऱ्यानंतर भगंदर पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण 4 टक्के, शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के. पण जखम भरायला दोऱ्याला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला चार. या चाचणीत एक अडचण होती, तिच्यावर इलाज नव्हता. गोळी खोटी देता येते, पण दोरा आहे की नाही हे रुग्णाला कसं लपवणार? म्हणून पुन्हा उद्भवला की नाही, हा डोळ्यांनी पाहता येणारा निकष महत्त्वाचा ठरतो.

मोजून पाहण्याचं असंच उदाहरण पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. गुडघ्याच्या संधिवातावर सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई गुग्गुळ यांची औषधं त्यांनी 440 रुग्णांत ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या आधुनिक औषधांशी ताडून पाहिली. 2013 च्या निबंधात औषधं तुल्यबळ ठरल्याचं आहे, आणि काही रुग्णांत एसजीपीटी हे यकृताचं विकर वाढलं, औषध थांबवल्यावर उतरलं, हेही आहे. ‘आयुर्वेदाला साइड इफेक्ट नाहीत’ म्हणणाऱ्यांनी ते वाक्य वाचावं.

19 नोव्हेंबर 2020 ला केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने राजपत्रात 58 शस्त्रक्रियांची यादी दिली. त्यांतल्या 39 शल्य (शस्त्रक्रिया) आणि 19 शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा, दात) या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या वैद्यांसाठी. तिच्या विरोधात 11 डिसेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशनने बंद पुकारला. एका बाजूला सुश्रुताचा अभिमान, दुसऱ्या बाजूला दोन वैद्यकांची ‘खिचडी’ केल्याचा आरोप. तालुक्याच्या गावात रात्री अडीच वाजता दार उघडणारा डॉक्टर बहुधा आयुर्वेदाचा बीएएमएसच असतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं आणि बोललं कमी गेलं. यादीत भगंदर आहे, तसंच पित्ताशय काढणं, मोतीबिंदू आणि दातांचं रूट कॅनालही आहे. दोऱ्याने मोजमापातून कमावलेली पत या बाकीच्यांना वारसाहक्काने मिळत नाही. प्रत्येकीला आपापले आकडे आणावे लागतील.

हा तंटा आपल्यापुरता नाही. दक्षिण कोरियात पारंपरिक वैद्य आणि आधुनिक डॉक्टर यांचे परवाने वेगळे आहेत आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं गुन्हा आहे. तिथल्या एका वैद्याने दोन वर्षांत एका बाईंची 68 वेळा सोनोग्राफी केली. गर्भाशयाचा कर्करोग पुढे दुसऱ्या रुग्णालयात सापडला. खालच्या न्यायालयांनी त्याला दोषी ठरवलं. 22 डिसेंबर 2022 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: सोनोग्राफी यंत्र वापरणं एवढ्यावरून परवान्याची हद्द ओलांडली असं होत नाही. यंत्र कुणाचं, हे ठरलं. त्या बाईंना 68 वेळा काय सांगितलं गेलं, हा प्रश्न मला जास्त टोचतो.

सांगण्याचं बंधन जुनं आहे. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेविषयी सुश्रुतसंहितेत स्पष्ट म्हटलंय की न केल्यास मरण नक्की, केल्यास शंका, तेव्हा आधी राजाची अनुमती घ्यावी. आता तो मान रुग्णाचा आहे. पण छापील फॉर्मवर अंगठा उठवला म्हणजे त्याला विचारलं, असं होत नाही.

समजा, ताम्हिणीच्या बाजूच्या एखाद्या वाडीवरून भगंदराचा रुग्ण आला. त्याला 4 टक्के आणि 11 टक्के सांगायलाच हवेत. पण दोरा घेतला तर आठवडे दुप्पट आणि दर आठवड्याला दोरा बदलायची खेप. पावसात घाटातली गाडी वेळेवर येत नाही आणि खेपेच्या दिवसाची मजुरी बुडते. उलट, दोरा बांधून माणूस हिंडता-फिरता राहतो; शस्त्रक्रियेनंतर काही दिवस अंथरूण धरावं लागतं. यातलं काय परवडेल, ते आषाढात एक आणि माघात दुसरं असू शकतं. म्हणून दोन्ही रस्ते समोर मांडून झाले की वैद्याने, मग तो कुठल्याही पदवीचा असो, एक प्रश्न विचारावा: लावणी उरकली का?