फरशीचे सांधे व त्यांची निगा

शेणानें सारवलेली जमीन गेली, तिच्यामागून शहाबादी फरशी आली, आणि आतां भातकुलीसारख्या गांवींही नव्या घरांतून गुळगुळीत टाइल्स बसूं लागल्या आहेत. टाइल पुसण्यास सोपी, हें खरें; परंतु दोन टाइल्समध्यें जी अरुंद रेघ राहते, जिला गवंडी ‘दरज’ व दुकानदार ‘ग्राउट’ म्हणतात, तिच्याविषयीं गृहिणींची तक्रार घरोघरीं ऐकूं येते. टाइल आरशासारखी, आणि सांधे मात्र काळे, पिवळे किंवा पांढुरके!

टाइल भट्टींत भाजलेली असते. तिच्या झिलईंतून पाणी आंत शिरत नाहीं. सांधा हा बहुधा सिमेंट, बारीक रेती व रंग यांचा असतो. त्यास सूक्ष्म छिद्रें असतात व जें सांडेल तें तो टिपकागदाप्रमाणें शोषून घेतो. आमच्या भागांत यास आणखी एका कारणाची जोड आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाण पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरला असून भातकुली तालुका त्यांतच मोडतो. येथील विहिरीचें अथवा बोअरचें पाणी फरशीवर पडलें कीं पाणी उडून जातें व मीठ मागें राहतें. जमिनींतील ओलही तेंच मीठ घेऊन सांध्यांतून वर येते. भिंतीस लागतो तसाच हा लोणा होय. ही घाण नव्हे. म्हणून घाणीवरील उपाय यास लागू पडत नाहीं.

परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या डागावर ओलें बोट फिरवावें. डाग विरघळला व वाळल्यावर पुन्हां दिसूं लागला, तर तें मीठ. बोटानें कांहींच झालें नाहीं, तर तो जड पाण्याचा चुनखडीचा थर समजावा.

पुष्कळ घरीं मात्र एवढा विचार न करतां बाजारांतून ॲसिडची बाटली आणली जाते. तें ओततांच फेंस येतो व मळ निघत असल्याचा आनंद होतो. वस्तुतः तो फेंस बव्हंशीं सिमेंटमधील चुन्याचा असतो. निघतो तो सांधाच. ‘क्षार’ शब्दाची संस्कृतांतील व्युत्पत्ति झिजविण्याच्या अर्थाकडे नेते. परंतु येथें झिजविण्याचें काम क्षाराहून अम्लच अधिक वेगानें करतें. चार वेळां असें केलें कीं रेती सुटते, टाइलखालीं पाणी शिरतें, आणि लोणा दुप्पट होतो. शहाबादी फरशी तर जातीचीच चुनखडीची. तिला ॲसिड दाखवूंसुद्धां नये.

याहून गंभीर गोष्ट अशी कीं, ॲसिडनें काम भागलें नाहीं म्हणजे कोणी त्यावरच ब्लीचिंग पावडर टाकतात. या दोहोंच्या संयोगानें क्लोरीन वायु सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें शत्रूवर सोडला तो हाच वायु. बंद न्हाणीघरांत त्याची थोडी मात्राही घसा व फुप्फुसें जाळते. हे दोन पदार्थ एका वेळीं मोरींत येऊंच देऊं नयेत, आणि चुकून आल्यास तत्काळ बाहेर मोकळ्या हवेंत यावें.

लोण्यास उत्तम उपाय कोरडा. कोरड्या ब्रशनें भुकटी झाडून सुपलींत भरून घ्यावी, गोड्या पाण्यांत भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानें पुसावें व लगेच जागा कोरडी करावी. बादल्या ओतल्यास मीठ विरघळून पुन्हां सांध्यांतच बसतें. रोजची फरशी खाऱ्या पाण्यानें पुसणें भाग असलें, तरी शेवटचा हात नळाच्या गोड्या पाण्याचा असावा. ओट्याजवळच्या तेलकट मळास खाण्याचा सोडा दाट कालवून दहापंधरा मिनिटें लावून ठेवावा, मग दांतांच्या जुन्या ब्रशनें घांसून धुवावें. तारेचा ब्रश वापरूं नये.

हळद सांडली असतां सोड्यानें तो डाग लाल होतो व मुली घाबरतात. भिण्याचें कारण नाहीं. हळदीस चुना लागला म्हणजे कुंकवासारखा रंग येतो, तोच हा प्रकार. धुतल्यावर उरलेला पिवळेपणा उन्हानें फिका पडतो.

सुटलेला सांधा २ ते ३ मिलिमीटर खोल खरवडून, धूळ काढून नवा भरावा. सिमेंटचा असल्यास कालविण्यास गोडेंच पाणी घ्यावें व दोनतीन दिवस तो ओलसर ठेवावा. मोरी व ओट्यापाशीं एपॉक्सीचा सांधा महाग पडला तरी परवडतो, कारण तो पाणी शोषीत नाहीं. इतरत्र करडा रंग घ्यावा. शुभ्र सांधे पसंत करणारे बहुधा पुरुष असतात व गुडघ्यांवर बसून ते घांसणाऱ्या स्त्रिया, हें आम्हांस मुळींच न्याय्य वाटत नाहीं.

एकच रेघ दरवर्षीं त्याच जागीं फाटत असेल, तर मात्र दोष सांध्याचा नव्हे. आमची काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आक्रसते. तळमजल्याची फरशी तिच्याबरोबर हलते. अशी रेघ पुन्हां पुन्हां भरण्यांत पैसे घालवूं नयेत. गवंड्याकडून फरशीखालची भरणी तपासून घ्यावी, आणि तोंवर त्या फटींत पाणी जाणार नाहीं एवढें पाहावें.