रोझेशिया

रोझेशिया हा चेहऱ्याच्या त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाहजन्य विकार आहे. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मध्यभाग येथे लाली, लालसर पुटकुळ्या व विस्फारलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या ही त्याची प्रमुख चिन्हे होत. हा विकार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने किंवा एकच टॉवेल वापरल्याने तो पसरत नाही. तो बहुधा वयाच्या तिशीनंतर दिसू लागतो. स्त्रियांमध्ये त्याचे निदान अधिक प्रमाणात होते, तर नाकाची त्वचा जाड होण्याचा प्रकार पुरुषांमध्ये अधिक आढळतो. रोझेशिया पूर्णतः बरा करणारा उपाय उपलब्ध नसला तरी योग्य काळजी व औषधे यांनी तो नियंत्रणात ठेवता येतो.

नाव

'रोझेशिया' हा शब्द 'गुलाबासारखा' या अर्थाच्या लॅटिन विशेषणावरून आला आहे. पूर्वी या विकारास 'अ‍ॅक्ने रोझेशिया' असे म्हणत. त्यामुळे तो मुरुमांचाच एक प्रकार असल्याचा समज रूढ झाला. प्रत्यक्षात हे दोन विकार भिन्न आहेत.

लक्षणे

प्रारंभी चेहरा अधूनमधून एकाएकी लाल होतो व थोड्या वेळाने पूर्ववत होतो. पुढे ही लाली टिकून राहू लागते. त्वचा अतिसंवेदनशील बनते. साबण, अत्तरयुक्त प्रसाधने, क्वचित साधे पाणी लागले तरी जळजळ किंवा चुणचुण होते. काही रुग्णांत लाल पुटकुळ्या व पूयुक्त फोड येतात. नाकाची त्वचा जाड व खडबडीत होऊन नाक मोठे दिसू लागल्यास त्या अवस्थेस 'रायनोफायमा' म्हणतात. अनेक रुग्णांच्या डोळ्यांवरही परिणाम होतो. डोळे लाल होणे, कोरडे पडणे, खुपणे, पापण्यांच्या कडा सुजणे ही त्याची लक्षणे आहेत. दुर्लक्ष झाल्यास पारपटलास इजा पोहोचू शकते.

गोऱ्या त्वचेवर लाली सहज दिसते. सावळ्या त्वचेवर मात्र ती तपकिरी किंवा जांभळट छटेची भासते अथवा लक्षातच येत नाही. त्यामुळे भारतीय रुग्णांमध्ये निदानास विलंब होऊ शकतो. अशा वेळी त्वचा गरम वाटणे, जळजळणे, प्रसाधने न सोसणे व वारंवार पुटकुळ्या येणे या खुणांना अधिक महत्त्व असते.

कारणे

रोझेशियाचे एकच एक कारण निश्चित झालेले नाही. अनुवंशिकता, शरीराच्या जन्मजात प्रतिकारयंत्रणेतील बिघाड आणि रक्तवाहिन्यांचे नियमन करणाऱ्या चेतातंतूंची अतिसंवेदनशीलता यांचा त्यात वाटा असतो. त्वचेचे जंतूंपासून रक्षण करणारे कॅथेलिसिडिन हे प्रथिन या रुग्णांत अधिक प्रमाणात तयार होते व त्याचे दाह वाढवणारे तुकडे होतात. केसांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स हे सूक्ष्म किडे बहुतेक प्रौढांच्या त्वचेवर असतातच. रोझेशियात त्यांची संख्या वाढलेली आढळते.

ऊन, उष्णता, गरम पेये, तिखट पदार्थ, मद्य, बोचरा वारा, जोरकस व्यायाम व मानसिक ताण यांमुळे लक्षणे उफाळून येतात. चुलीजवळ किंवा भट्टीसमोर दीर्घकाळ काम करणाऱ्यांना उष्णतेचा त्रास विशेष जाणवतो. प्रत्येक रुग्णाची उद्दीपक कारणे वेगळी असतात. लाल नाक म्हणजे मद्यपानाचे लक्षण, हा समज चुकीचा आहे. मद्याने लाली वाढू शकते. तथापि मद्याला कधीही न शिवलेल्या व्यक्तींनाही रोझेशिया होतो.

निदान

निदान प्रामुख्याने प्रत्यक्ष तपासणीवरून केले जाते. त्यासाठी विशिष्ट रक्तचाचणी नाही. पुढील विकारांपासून त्याचा भेद करावा लागतो :

मुरुमे : यांत काळ्या किंवा पांढऱ्या टोकाच्या बारीक गाठी असतात, रोझेशियात त्या नसतात.
ल्युपस : याची लाली गालांवर व नाकावर फुलपाखराच्या आकारात पसरते, परंतु नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी सहसा मोकळी राहते. सांधेदुखी, ताप, थकवा ही लक्षणे सोबत असू शकतात.
सेबोरिक त्वचादाह : यात भुवया व नाकाच्या कडेला तेलकट पापुद्रे दिसतात आणि डोक्यात कोंडा असतो.
स्पर्शजन्य त्वचादाह : नवे प्रसाधन वापरल्यानंतर उद्भवतो, खाज अधिक असते.

स्टेरॉइड मलमांचा दुष्परिणाम

रोझेशियासारखीच लक्षणे स्टेरॉइडयुक्त मलमे चेहऱ्यावर दीर्घकाळ लावल्यानेही निर्माण होतात. भारतात ही समस्या मोठी आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन असलेली मलमे अनेकदा गोरेपणासाठी, डाग वा मुरुमे घालवण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याविना वापरली जातात. 2008 साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टेरॉइडने बाधित चेहरा' अशा अर्थाचे स्वतंत्र नाव दिले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी असलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण अशी मलमे वापरत असल्याचे आढळले.

स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करते व दाह दडपते, म्हणून आरंभी चेहरा उजळ व नितळ दिसतो. काही काळाने त्वचा पातळ होते. मलम थांबवताच रक्तवाहिन्या पुन्हा विस्फारतात. लाली, आग व पुटकुळ्या पूर्वीपेक्षा अधिक तीव्रतेने उसळतात. मलम पुन्हा लावले की तात्पुरता आराम पडतो. त्यामुळे तेच आपले औषध आहे, असा रुग्णाचा ग्रह होतो व दुष्टचक्र सुरू राहते. मलम थांबवल्यानंतरचा त्रास काही आठवडे किंवा महिनेही टिकू शकतो. हा काळ त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली काढणे आवश्यक असते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या 'अनुसूची एच'मध्ये आणली.

दैनंदिन काळजी

चेहरा दिवसातून दोनदा कोमट पाण्याने व साबणविरहित सौम्य द्रवाने धुवावा. टॉवेलने न घासता टिपून घ्यावा. त्यानंतर सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे. किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन नियमित वापरावे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन संवेदनशील त्वचेला अधिक मानवते. लिंबाचा रस, टूथपेस्ट, खरखरीत उटणे, स्क्रब, वाफ घेणे व ब्लीच टाळावे. पुटकुळ्या फोडू नयेत. नवे प्रसाधन आधी जबड्याच्या कडेला थोडेसे लावून काही दिवस पाहावे. लाली वाढल्याच्या दिवशीचे अन्न, ऊन व ताण यांची नोंद ठेवल्यास स्वतःची उद्दीपक कारणे ओळखता येतात.

उपचार

पुटकुळ्यांसाठी मेट्रोनिडॅझोल, अ‍ॅझेलेइक आम्ल किंवा आयव्हरमेक्टिन असलेली बाह्य औषधे दिली जातात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. तीव्र विकारात अल्प मात्रेत डॉक्सिसायक्लिन पोटातून देतात. गरोदरपणात ते टाळले जाते. आयसोट्रेटिनॉइन हे औषध गर्भात गंभीर व्यंग निर्माण करू शकते, म्हणून ते कठोर देखरेखीखालीच दिले जाते. ब्रिमोनिडिन जेलने लाली काही तासांपुरती कमी होते, मात्र काहींमध्ये ती नंतर उलट वाढते. कायम दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांवर लेसर उपचार, तर रायनोफायमावर शस्त्रक्रिया किंवा लेसर उपयुक्त ठरतात. डोळे दुखणे, प्रकाश सहन न होणे किंवा अंधूक दिसणे ही लक्षणे आढळल्यास नेत्रतज्ज्ञांकडे विनाविलंब जाणे आवश्यक आहे.

इतिहास

चौदाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद गी द शोलियाक यांच्या लेखनात चेहऱ्यावरील अशा लालीचे वर्णन आढळते. इटालियन चित्रकार दोमेनिको गिरलांदायो यांनी 1490 च्या सुमारास रंगवलेल्या वृद्ध आजोबा व नातवाच्या चित्रात आजोबांच्या नाकावर रायनोफायमाच्या गाठी स्पष्ट दिसतात. हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.