एकच सिंफनी, ध्वनिमुद्रिका अनेक

पाश्चात्त्य अभिजात संगीताची आवड असलेल्या माणसाच्या घरी गेलं, की एक गोष्ट हटकून नजरेत भरते. एकाच सिंफनीच्या चार-पाच ध्वनिमुद्रिका कपाटात शेजारी शेजारी उभ्या असतात. पाहणारा विचारतो, "ही तर तीच आहे ना? मग इतक्या कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे दहा गवयांचा यमन ऐकण्यात अर्थ असतो, कारण प्रत्येक जण तो राग आपल्या मनाने मांडतो. तिकडे मात्र संगीतकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो. वादकाने त्यात स्वतःचा एक स्वरही घालायचा नसतो. मग शंभर वर्षं तीच रचना पुन्हा पुन्हा मुद्रित का होते, आणि लोक ती पुन्हा पुन्हा का विकत घेतात?

याचं उत्तर आपल्या नाट्यसंगीतात दडलेलं आहे. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गाऊन जो कार्यक्रम केला, त्याला त्यांनी नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. पदं तीच, चाली त्याच; पण ऐकताना भेटतात ते कुमारांना उमजलेले बालगंधर्व. सिंफनीची प्रत्येक चांगली ध्वनिमुद्रिका अशीच असते. वाद्यवृंदाचा संचालक, म्हणजे कंडक्टर, आपल्याला त्याला उमजलेला बीथोवन किंवा ब्राम्स ऐकवत असतो.

थोडी ओळख करून घेऊ. साधारणपणे १८२० पासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंतचा काळ पाश्चात्त्य संगीतात रोमँटिक कालखंड म्हणून ओळखला जातो. शूबर्ट, मेंडेल्सन, शूमान, ब्राम्स, ब्रुकनर, चायकोव्हस्की, द्वोर्झाक आणि अखेरीला माहलर ही त्यातली ठळक नावं. बीथोवन हा या काळाचा दरवाजा. सिंफनी ही मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, बहुधा चार भागांची दीर्घ रचना. या कालखंडाच्या अखेरीस तिला ऐंशी-नव्वद आणि क्वचित शंभराहूनही अधिक वादक लागू लागले. याच काळात 'चेंबर म्युझिक' हा दुसरा प्रकारही बहरला. चेंबर म्हणजे खोली. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चौघांची ही घरगुती बैठक. कधी त्यांच्या जोडीला पियानो किंवा क्लॅरिनेट. इथे कंडक्टर नसतो. वादक एकमेकांच्या श्वासाकडे आणि नजरेकडे लक्ष ठेवून वाजवतात.

आता मूळ मुद्दा. कागदावर काय लिहिता येतं आणि काय येत नाही? स्वर लिहिता येतो, त्याची लांबी लिहिता येते. पण 'हळू' म्हणजे किती हळू? 'जोरात' म्हणजे किती जोरात? एक वाक्य संपून दुसरं सुरू होताना किती थांबायचं? साठ व्हायोलिन-चेलोंच्या गर्दीत एका ओबोचा सूर किती वर आणायचा? या प्रश्नांची उत्तरं कागद अर्धवटच देतो. उरलेली वाजवणाऱ्यांना शोधावी लागतात.

ही उत्तरं जपून ठेवण्याची सोय झाली ती तबकडीमुळे. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने आर्थर निकिश यांच्या संचालनाखाली १९१३ मध्ये बीथोवनची पाचवी सिंफनी मुद्रित केली. संपूर्ण सिंफनीच्या अगदी सुरुवातीच्या मुद्रणांपैकी हे एक. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादकांनी एका भोंग्यासमोर दाटीवाटीने बसायचं, आणि त्यांच्या आवाजाच्या नुसत्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढायची. साहजिकच तंतुवाद्यांची संख्या कमी करावी लागे आणि खर्जातली वाद्यं नीट उमटत नसत. तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांचंच संगीत मावे. बाजारात येणाऱ्या तबकड्या लाखेपासून बनत, आणि ती लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. युरोपातल्या दिवाणखान्यांत वाजणाऱ्या बीथोवनमध्ये आपल्या जंगलांचाही असा वाटा होता.

वेळेची ही अडचण आपल्या गवयांनाही आली. त्यांनी तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत आटवून दाखवला. तिकडे स्वर लिहिलेले असल्याने आटवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी सिंफनीचे तुकडे केले. श्रोत्याने दर चार मिनिटांनी उठून तबकडी उलटायची आणि मनातल्या मनात सांधा जुळवायचा.

हे दोन्ही इतिहास एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आले. फ्रेड गैसबर्ग हे ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक. १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहर जान यांचा आवाज त्यांनीच मुद्रित केला. याच गैसबर्गनी छत्तीस वर्षांनंतर, १६ जानेवारी १९३८ रोजी, व्हिएन्नात माहलरची नववी सिंफनी मुद्रित करवली. १९२५ पासून विजेवरचं ध्वनिमुद्रण आणि मायक्रोफोन आले होते, त्यामुळे भर मैफलीत, श्रोत्यांसमोर मुद्रण करणं शक्य झालं होतं. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे संचालन करत होते ब्रूनो वॉल्टर. माहलरचे ते तरुणपणापासूनचे सहकारी. माहलर १९११ मध्ये वारले. आपली नववी सिंफनी त्यांना कधीच ऐकायला मिळाली नाही. १९१२ मध्ये ती पहिल्यांदा सादर केली वॉल्टर यांनीच, याच वाद्यवृंदाला घेऊन.

त्या मैफलीनंतर दोन महिन्यांच्या आत, १२ मार्च १९३८ रोजी, हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. माहलर ज्यू होते, वॉल्टरही ज्यू. माहलरचं संगीत व्हिएन्नात वाजणं बंद झालं. वॉल्टर यांना देश सोडावा लागला. वाद्यवृंदातल्या ज्यू वादकांना काढून टाकण्यात आलं. त्यांतले काही परदेशी निसटले, काहींचा छळछावण्यांत अंत झाला. अर्धशतकाहून अधिक काळ या वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक असलेले आर्नोल्ड रोझे हे माहलरचे मेहुणे. त्यांनाही म्हातारपणी लंडनचा आसरा घ्यावा लागला. त्या संध्याकाळचं जे उरलं, ते दहा तबकड्यांच्या वीस बाजूंवर. त्यात श्रोत्यांचं खोकणंही ऐकू येतं. ही सगळी माणसं लवकरच विखुरली जाणार होती, हे ठाऊक झाल्यावर ते खोकणं आपल्याला खटकत नाही.

पण आपल्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढे आहे. वॉल्टर अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९६१ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियात हीच सिंफनी पुन्हा मुद्रित केली. १९३८ च्या मुद्रणाला सुमारे ७० मिनिटं लागतात, तर १९६१ च्या मुद्रणाला सुमारे ८१. संचालक तोच, कागद तोच, स्वर तेवढेच. आणि फरक अकरा मिनिटांचा! पहिल्या भागावर माहलरने शब्द लिहिले आहेत 'अंदान्ते कॉमोदो', म्हणजे साधारणपणे 'आरामशीर चालीने'. पण आरामशीर चाल कोणाची? एकसष्टाव्या वर्षी वॉल्टर यांना हा भाग पंचवीस मिनिटांचा वाटला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी एकोणतीस मिनिटांचा. पहिल्या मुद्रणात धास्ती आहे, घाई आहे. कुठे कुठे वादकांची त्रेधाही उडते. दुसऱ्यात प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येतं आणि निरोपाची समजूत पटलेली असते. यातलं खरं कोणतं? दोन्ही. म्हणून तर दोन्ही तबकड्या कपाटात हव्यात.

चेंबर म्युझिकमध्ये हा फरक आणखी जवळून कळतो, कारण तिथे लपायला जागाच नसते. ब्राम्सने १८९० च्या सुमारास रचना करणं थांबवायचं ठरवलं होतं. पण १८९१ मध्ये त्याने रिखार्ड म्यूलफेल्ट या वादकाचं क्लॅरिनेट ऐकलं आणि बेत बदलला. त्याच वर्षी त्याने क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांसाठी पंचक लिहिलं. क्लॅरिनेट आपल्याला लग्नाच्या बँडमुळे चांगलं परिचयाचं. तेच वाद्य इथे संध्याकाळच्या उतरत्या उन्हासारखं वाजतं. १९३७ मध्ये इंग्रज वादक रेजिनल्ड केल यांनी बुश क्वार्टेटबरोबर ते मुद्रित केलं. केल आपला सूर गळ्यासारखा किंचित थरथरता ठेवत. क्लॅरिनेटवर त्या काळी असं फारसं कोणी करत नसे. त्यामुळे ते पंचक एखाद्याने मन मोकळं करावं तसं वाटतं. १९६७ मध्ये जर्मन वादक कार्ल लाइस्टर यांनी तेच पंचक अमाडेउस क्वार्टेटबरोबर वाजवलं, ते जर्मन पद्धतीने. सूर सरळ, स्थिर, न हलणारा. तेच स्वर, पण इथे दुःख बोलून दाखवलेलं नाही, सोसलेलं आहे.

हे सारं आपल्यापासून फार दूरचं आहे असं समजायचं कारण नाही. 'छाया' या १९६१ च्या चित्रपटात सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून एक द्वंद्वगीत बांधलं, ते आपल्या कानांत कधीचंच बसलं आहे. हिंदी चित्रपटांतल्या व्हायोलिनांच्या ताफ्यात आपल्या शेजारच्या गोव्यातले किती तरी वादक होते. चर्चच्या शाळांत ते स्वरलिपी वाचायला शिकले होते. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा झुबिन वडिलांच्या तालमी आणि घरातल्या तबकड्या ऐकत वाढला. १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला शिकायला गेला. तिथे कार्ल बोम यांच्या संचालनाखाली ब्राम्सची पहिली सिंफनी प्रत्यक्ष ऐकली, तेव्हा तबकडीवर ऐकलेलं आणि समोर वाजणारं यांतलं अंतर त्याला कळलं. याच झुबिन मेहतांनी १९७५ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकला घेऊन माहलरच्या दुसऱ्या सिंफनीचं जे मुद्रण केलं, ते आजही त्या रचनेच्या उत्तम मुद्रणांत गणलं जातं.

झुबिन यांना कळलेलं ते अंतर आपणही लक्षात ठेवायला हवं. ध्वनिमुद्रिका म्हणजे मैफल नव्हे. मुंबईत २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली, नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये त्याच्या मैफली होतात. जमेल त्याने एकदा तरी जाऊन ऐकावं. पण रत्नागिरीहून मुंबई सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. आपल्यासारख्यांना हे संगीत मिळणार ते मुख्यतः मुद्रणातूनच. पूर्वी त्यासाठी मुंबईला जाणाऱ्या कोणाला तरी सांगून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून कॅसेट मागवावी लागे. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आता १९३८ चं व्हिएन्नाही मोबाइलवर ऐकता येतं. अडचण मिळण्याची राहिलेली नाही. काय ऐकावं आणि कसं ऐकावं, ही आहे.

त्यासाठी एक साधी वाट सांगतो. सुरुवात सिंफनीने करू नका, चौघा-पाच जणांच्या चेंबर म्युझिकने करा. आवाज मोजके असल्याने कान गोंधळत नाहीत. शूबर्टचं १८१९ मधलं 'ट्राउट' पंचक किंवा वर सांगितलेलं ब्राम्सचं पंचक घ्या. त्यातला एकच भाग निवडा आणि आठवडाभर एकच मुद्रण ऐका. चाल तोंडात बसली, की मग दुसऱ्या वादकांचं मुद्रण लावा. कोणतं चांगलं, हे लगेच ठरवू नका. कोण कुठे थांबलं, कोणी कुठे घाई केली, कोणता आवाज पुढे आला, एवढंच टिपा. आणि शक्यतो कानाला लावायचे हेडफोन वापरा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमध्ये चेलो आणि डबल बास जवळजवळ नाहीसेच होतात, म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज बंद करून गाणं ऐकल्यासारखं होतं.

कोकणात एकच नाट्यपद उत्सवाच्या मांडवात, स्पर्धेच्या रंगमंचावर आणि घरच्या पायपेटीवर ऐकून मोठी झालेली माणसं आहेत. कोणाची जागा कशी पडली, यावर रात्र रात्र वाद घालणारी. तेच कान ब्राम्सला लावायचे आहेत. वेगळे कान लागत नाहीत.