तास वाचायला, मिनिटं हिशोबाला

लोहा तालुक्यात उन्हाळा लागला की जेसीबीला उसंत नसते. शेततळं खोदायचं, विहिरीचा मलबा हलवायचा, बांध घालायचे, तलावातला गाळ ट्रॉलीत भरून शेतात टाकायचा, अशी बरीचशी कामं तासावर चालतात. काम कधी सुरू झालं, कधी थांबलं, हे डायरीत टिपलं जातं आणि काम उरकलं की कुणीतरी ते आकडे एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये भरतं. हिशोब बिघडतो तो इथे. पैसा शंभरावर चालतो, वेळ साठावर. आणि हा फरक आपण सांगितल्याशिवाय शीटला कळत नाही. म्हणून नियम एकच ठेवावा: नोंद मिनिटांत करायची, बेरीज मिनिटांत करायची आणि तास-मिनिटं फक्त वाचण्यापुरती काढायची.

हे आकड्यांवर तपासून पाहू. समजा एका शेततळ्याला पाच दिवस लागले आणि रोजचं काम २ तास १५ मिनिटं, ४ तास १० मिनिटं, १ तास ३५ मिनिटं, ५ तास १० मिनिटं आणि १ तास २० मिनिटं असं झालं. पुष्कळ जण हे २.१५, ४.१०, १.३५, ५.१० आणि १.२० असं भरतात. शीट इमानेइतबारे बेरीज करतं: १३.९०. ताशी १२०० रुपये दर धरला तर बिल १६,६८० रुपयांचं होतं. हीच कामं मिनिटांत लिहिली तर १३५, २५०, ९५, ३१० आणि ८०, एकूण ८७०. म्हणजे साडेचौदा तास आणि १७,४०० रुपये. एका शेततळ्यामागे यंत्राच्या मालकाचे ७२० रुपये गेले. यात लबाडी कुणाचीच नाही, चूक फक्त त्या टिंबाची. आणि शीट कुठेही लाल खूण दाखवत नाही, म्हणून ही चूक हंगामभर तशीच चालत राहते.

मिनिटांचे तास करायला शाळेतला भागाकारच लागतो. साठने भागायचं, भाग लागेल ते तास, बाकी उरेल ती मिनिटं. एकूण मिनिटं डी७ या चौकटीत असतील, तर तासांसाठी =इंट(डी७/६०) आणि उरलेल्या मिनिटांसाठी =मॉड(डी७,६०). ८७० ला पहिला फॉर्म्युला १४ देतो, दुसरा ३०. पैशांसाठी =डी७/६०*१२०० पुरतं. प्रत्यक्ष टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजी ठेवायचे, एवढंच. डायरीत सुरू आणि बंद झाल्याच्या वेळाच असतील आणि त्या बी२ व सी२ मध्ये भरल्या असतील, तर मिनिटं =राउंड(मॉड(सी२-बी२,१)*१४४०,०) यातून निघतात. यातल्या मॉडमुळे रात्री अकराला सुरू होऊन पहाटे दोनला थांबलेलं कामही बरोबर १८० मिनिटं येतं. राउंड नसेल तर आतला आकडा कधी ११९.९९९ असा राहतो आणि शीटवर ‘१ तास ६० मिनिटं’ असलं चमत्कारिक उत्तर उमटू शकतं.

वरच्या १४४० चा उलगडा असा. स्प्रेडशीटच्या लेखी एक पूर्ण दिवस म्हणजे १. त्यामुळे एक तास म्हणजे १ भागिले २४, आणि एक मिनिट म्हणजे १ भागिले १४४०. म्हणून =डी७/१४४० लिहून त्या चौकटीला वेळेचं रूप दिलं की १४:३० दिसतं. दिसायला हे सुबक, पण इथे दोन खड्डे आहेत. पहिला २४ तासांचा. एकूण काम १६२५ मिनिटांचं झालं, तर साधं ‘एच:एमएम’ रूप २७:०५ ऐवजी ३:०५ दाखवतं, कारण घड्याळाप्रमाणे ते एक दिवस सोडून देतं. एचला चौकोनी कंस घालून ‘[एच]:एमएम’ केलं की पूर्ण तास दिसतात. गूगल शीटमध्ये त्यासाठी ‘ड्युरेशन’ हा प्रकार तयारच आहे. दुसरा खड्डा दराचा. १४:३० दिसणाऱ्या चौकटीला सरळ १२०० ने गुणलं तर उत्तर येतं ७२५ रुपये, कारण आतली खरी किंमत ०.६०४ दिवस आहे. तिला आधी २४ ने गुणावं लागतं. डोळ्याला दिसतो तो आकडा वेगळा आणि शीट वापरतं तो वेगळा, म्हणूनच मूळ मिनिटांचा रकाना हाताशी हवा.

कुणी म्हणेल, यंत्राचा अवरमीटरच तास दशांशात दाखवतो, मग आपणही १४.५ असंच का लिहू नये? बिलापुरतं ते चालेल. अवरमीटरवर शेवटचं घर दशांशाचं असतं आणि त्यातला एक अंक म्हणजे ६ मिनिटं. पण माणूस १४.५ ला कधी १४ तास ५ मिनिटं वाचतो, कधी १४ तास ५० मिनिटं. आणि २० मिनिटं दशांशात लिहायला गेलं तर ०.३३३ च्या पुढे संपतच नाहीत. पूर्ण मिनिटांत ही भानगड उद्‌भवत नाही. शिवाय साठाची पद्धत आपण बदलू असंही नाही. पैशाचं ते जमलं: निजामाचे सात हाली रुपये बरोबर इंग्रजांचे सहा कलदार, रुपयाचे सोळा आणे, असले हिशोब मराठवाड्याने केले, आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. वेळेच्या बाबतीत फ्रान्सने १७९३ मध्ये दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास ठरवून पाहिला. १७९५ मध्ये तो गुंडाळावा लागला.

दुसरा आक्षेप असा की हे कागदावरही होतं. होतं, एका दिवसाचं तर तोंडीसुद्धा होतं. पण हंगामभराच्या नोंदी, दोन-तीन यंत्रं, मधली उचल आणि उधारी असली की कागदावर पुन्हा पडताळणं कुणी करत नाही. शीटमध्ये प्रत्येक ओळ उघडी राहते. वाद झाला तर मालक आणि शेतकरी दोघंही तीच ओळ तपासू शकतात. तेव्हा यंत्र रानात उतरण्याआधी शीटमध्ये मिनिटांचा एक रकाना वाढवा, आणि बिल देणाऱ्यानेही तास मान्य करण्याआधी मिनिटं मागावीत.