ताल वाटला, नाव कुठे राहिले?

विद्येचे धन वाटल्याने वाढते, हे आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. संगीताचे धनही त्याच जातीचे. एकाने ऐकलेले गाणे दुसऱ्याला ऐकविले म्हणून गाणाऱ्याच्या गळ्यातून ते वजा होत नाही. उलट त्याचे आयुष्य वाढते. परंतु ह्या वाटपात एक गोष्ट हमखास वाटेत गळून पडते आणि ती गळाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. ती म्हणजे कर्त्याचे नाव. गेल्या सत्तर वर्षांत अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी जगाला जे संगीत दिले, त्याची कहाणी ह्या दृष्टीने मोठी बोलकी आहे. सोल, फंक आणि हिप हॉप ही त्या संगीताची तीन रूपे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ही नावे परकी वाटतील. काहींच्या लेखी तर तो निव्वळ धांगडधिंगा असेल. तरीही ती कहाणी आम्ही येथे सांगू इच्छितो, कारण तिचा शेवट आपल्याच अंगणात येऊन ठेपतो.

सोल म्हणजे आत्मा. ह्या संगीताचा उगम कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील प्रार्थनागीतांत आहे. रे चार्ल्स ह्या अंध गायक-वादकाने 1954 साली त्या गीतांची आर्त धाटणी लौकिक प्रेमगीतासाठी वापरली, तेव्हा देवाचे गाणे बाजारात आणले म्हणून धर्मनिष्ठांनी त्याला दोष दिला. 1959 साली डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी ह्या तरुणाने घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन ध्वनिमुद्रिका काढण्याचा व्यवसाय मांडला. तीच पुढे जगप्रसिद्ध झालेली मोटाउन. ओटिस रेडिंगने 1965 साली रचून गायिलेले 'रिस्पेक्ट' हे गीत 1967 साली अरीथा फ्रँकलिनने गायिले. दमून घरी येणाऱ्या नवऱ्याने मागितलेला मान आता स्त्रीने मागितला, आणि नागरी हक्कांच्या लढ्याच्या त्या दिवसांत ते एका सबंध समाजाच्या स्वाभिमानाचे गीत ठरले.

सोलमधून फंक निघाले ते जेम्स ब्राउनच्या हातून. चार मात्रांच्या आवर्तनात तेथील लोकप्रिय संगीत दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर देत असे. ब्राउनने सारा भार पहिल्या मात्रेवर आणला. समेवर येण्यातील आनंद काय असतो, हे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांच्या भूमीला समजावून सांगण्याची गरज नाही. ब्राउनच्या ताफ्यात गिटार, बेस, ट्रंपेट ही सारीच वाद्ये तालवाद्यांसारखी वाजू लागली. स्वर मागे सरला, लय पुढे आली. लय पुढे आली म्हणजे ड्रम वाजविणाराही पुढे आला. मात्र तो श्रोत्याच्या कानापुरता. कागदोपत्री तो होता तेथेच राहिला.

20 नोव्हेंबर 1969 रोजी सिनसिनाटी येथे ब्राउनच्या ताफ्याने 'फंकी ड्रमर' नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्या उत्तरार्धात बाकीची वाद्ये थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड हा वादक काही आवर्तने एकटाच वाजवितो. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या विन्स्टन्स नामक ताफ्याने आपल्या एका गीताच्या तबकडीची मागची बाजू भरण्यासाठी 'अमेन, ब्रदर' ही गत वाजविली. पुढच्या बाजूच्या गीताला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मागच्या बाजूकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तिच्यात ग्रेगरी कोलमनने चार आवर्तने एकट्याने वाजविली आहेत. सारा मिळून सहा-सात सेकंदांचा खेळ! परंतु जगातल्या हजारो गाण्यांच्या पोटात आज हे दोन तुकडे आहेत. ते तेथे पोहोचले कसे?

त्यासाठी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जावे लागेल. मोठा महामार्ग वस्तीच्या छातीवरून गेला होता, घरांमागून घरे आगीच्या भक्ष्यस्थानी पडत होती, आणि पुढे 1975 च्या आर्थिक संकटात तर महापालिकेने हजारो शिक्षकांना घरी बसविले. ह्या भागातील 1520, सेजविक अव्हेन्यू ह्या इमारतीत 11 ऑगस्ट 1973 रोजी सिंडी कॅम्पबेल ह्या शाळकरी मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमावेत म्हणून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. प्रवेशमूल्य मुलींना 25 सेंट, मुलांना 50. तबकड्या लावण्याचे काम तिच्या भावाकडे होते. क्लाइव्ह कॅम्पबेल हा अठरा वर्षांचा तरुण 1967 साली जमैकाहून आलेला. तो पुढे कूल हर्क ह्या नावाने प्रसिद्धी पावला. नाचणाऱ्यांना गाण्यातला तो एकट्या तालाचा तुकडाच अधिक प्रिय असतो, हे त्याने हेरले होते. म्हणून तो एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवी आणि एकीवरील तुकडा संपताच दुसरीवर तोच पुन्हा लावी. अशा रीतीने काही सेकंदांचा ताल मिनिटामिनिटांचा होई, आणि त्या तालावर ध्वनिक्षेपकातून लयबद्ध शब्द फेकले जाऊ लागले. वाद्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलांनी तबकडीलाच वाद्य केले. हिप हॉपचा जन्म तो हा.

असे तुकडे शोधणे हे सोपे काम नव्हते. जुन्या दुकानांतील धुळीने माखलेल्या पेट्या उपसायच्या, कोणी न विचारलेली तबकडी उचलायची, मागची बाजू लावून पाहायची आणि एखाद्या अज्ञात वादकाच्या हातातले तेज ओळखायचे, ही एक साधनाच होती. आणि साधनेने मिळालेली वस्तू माणूस सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नाही. हर्क आपल्या तबकड्या पाण्यात भिजवून त्यांवरील नावाची चिठ्ठी काढून टाकी. ताल सर्वांनी ऐकावा, पण तो कोणाचा हे प्रतिस्पर्ध्याला कळू नये, ही त्याच्या वडिलांची शिकवण होती. महासागरापलीकडे इंग्लंडातही हेच चालले होते. विगन ह्या खाणकामगारांच्या गावी सप्टेंबर 1973 मध्ये सुरू झालेल्या कॅसिनो नामक नृत्यगृहात तरुण मंडळी रात्र-रात्र अमेरिकेतल्या विस्मृत सोल गीतांवर नाचत. तेथेही तबकडीवरचे खरे नाव झाकून खोटे नाव चिकटविण्याचा प्रघात होता. असल्या विस्मृत तबकड्यांपैकी फ्रँक विल्सनची 1965 ची एक प्रत 2009 साली पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली.

ह्याबद्दल त्या मुलांना हसण्याचे आपल्याला कारण नाही. चीज शिष्यालाही पूर्ण न सांगणारे, अस्ताई सांगून अंतरा पोटात ठेवणारे उस्ताद आपल्या परंपरेत थोडे झाले नाहीत. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी घराण्याघराण्यांच्या चिजा मिनतवारीने मिळवून, स्वरलिपीत बांधून, क्रमिक पुस्तकांच्या रूपाने कोणाही विद्यार्थ्याच्या हाती दिल्या, तेव्हा कुठे ती कुलपे उघडली. ब्राँक्समधील कुलूप उघडले 1986 साली. त्या वर्षी, मूळ गाण्यांच्या तबकड्यांवरील निवडक रचना एकत्र करून 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' ही मालिका निघू लागली आणि 1991 पर्यंत तिचे 25 भाग झाले. 'अमेन, ब्रदर' तिच्या पहिल्याच भागात होती. त्याच सुमारास ध्वनिमुद्रणाचा हवा तो तुकडा कापून साठविणारी आणि बोटाच्या दाबासरशी वाजविणारी यंत्रे तरुणांच्या आवाक्यात आली. मग काय विचारता! पब्लिक एनिमीपासून एल. एल. कूल जे पर्यंत किती जणांच्या गाण्यांत स्टबलफील्डचे हात वाजले, आणि कोलमनच्या सहा सेकंदांवर तर इंग्लंडात जंगल व ड्रम अँड बेस हे नवे प्रकारच उभे राहिले.

पैसा आला तेथे न्यायालयही आले. बिझ मार्की ह्या गायकाने गिल्बर्ट ओसलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा परवानगीवाचून वापरला, त्या खटल्याचा निकाल डिसेंबर 1991 मध्ये न्यूयॉर्क येथे लागला. चोरी करू नकोस ह्या बायबलातील आज्ञेनेच न्यायाधीशांनी निकालपत्राचा आरंभ केला. तेव्हापासून तुकडा घ्यायचा तर परवानगी घ्या आणि मोल मोजा, असा दंडक पडला. न्याय झाला, असे कोणासही वाटेल. पण मोल कोणाला मिळाले? ज्याचे नाव रचनाकार म्हणून लागले होते त्याला, आणि ध्वनिमुद्रणाची मालकी जिच्याकडे होती त्या कंपनीला. 'फंकी ड्रमर'चा रचनाकार म्हणून नाव आहे ते जेम्स ब्राउनचे. ज्याच्या हातांनी तो ताल घडविला, तो स्टबलफील्ड कायद्याच्या दृष्टीने त्या दिवसाच्या मजुरीचा धनी! त्याच्या दुखण्याचा भारी खर्च प्रिन्स ह्या थोर गायकाने गुपचूप भरला होता, ही गोष्ट मागाहून उघड झाली. विस्कॉन्सिन विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट 2017 साली त्याला प्रदान झाली, तेव्हा तो हयात नव्हता. कोलमनच्या नशिबी तेवढेही आले नाही. 2006 साली तो अटलांटा येथे बेघर अवस्थेत वारला. त्याच्या ताफ्याचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना तर आपला ताल जगभर वाजतो आहे हे कळले तेच 1996 साली, आणि तोवर दाद मागण्याची मुदत टळून गेली होती. अखेर 2015 साली इंग्लंडातील दोघा रसिकांनी ह्या तालाचे उपकार स्मरून वर्गणी गोळा केली आणि सुमारे 24 हजार पौंड स्पेन्सर यांच्या हाती ठेवले. न्यायालयाला जे करता आले नाही ते कृतज्ञतेने केले. ती कृतज्ञता व्यक्त होऊ शकली, कारण कोणीतरी त्या तबकडीवरचे नाव वाचले होते आणि ते इतरांना सांगितले होते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. 1977 साली अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या संगीताची एक सुवर्ण तबकडी आहे. तिच्यावर ब्लाइंड विली जॉन्सन हा 1945 साली दारिद्र्यात मेलेला कृष्णवर्णीय गायक आहे, आणि फोंडा तालुक्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकरही आहेत. गोमंतकाला ह्याचा अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. परंतु त्या तबकडीची जी यादी प्रसिद्ध आहे तिच्यात केसरबाईंचे नाव आहे. त्यांच्या साथीदारांचे नाही. ज्या हातांनी त्या भैरवीला ठेका धरला, ते हात सूर्यमालेच्या पलीकडे गेले तरी निनावीच! मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा किती गोमंतकीयांनी वाद्यवृंद बांधले. श्रेयनामावलीत त्यांतली नावे क्वचितच आली. गोन्साल्विस यांचे नाव 1977 च्या एका चित्रपटगीतातून घरोघर गेले, ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या गुरुभक्तीमुळे.

2012 साली आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा कराराने हिरावून घेता येणार नाही अशी तरतूद झाली. गायक-वादकांनाही व्यापारी उपयोगातून मोबदल्याचा हक्क मिळाला. पण ज्याचे नावच कोठे टिपलेले नाही, त्याने तो हक्क कोणत्या पुराव्यावर मागावा? चतुर्थीच्या आरत्यांची, शिगम्याच्या मेळांची, गावोगावच्या भजनांची मुद्रणे आज प्रत्येकाच्या खिशातील यंत्रातून क्षणात दहा ठिकाणी जातात. घुमटाला 2019 साली राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. मात्र त्या मुद्रणात ते घुमट कोण वाजवीत आहे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. ब्राँक्समधल्या मुलाने नावाची चिठ्ठी मुद्दाम भिजवून काढली होती. आपण ती मुळात लावतच नाही.

म्हणून आमची वाचकांना, मंडळांना आणि देवस्थानांना विनंती एवढीच की, मुद्रण पुढे धाडण्यापूर्वी त्यासोबत चार गोष्टी लिहाव्यात: गाणाऱ्याचे नाव, साथीला बसणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि साल. ज्याच्याकडे जुन्या फिती पडून आहेत, त्याने घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ही नोंद त्यांच्या हयातीतच करून ठेवावी. ह्याला ना पैसा लागतो, ना कायदा. संगीत सर्वांना वाटावे, हवे तितके वाटावे. मात्र ते ज्याचे आहे त्याच्या नावासह वाटावे.