घाट चढायला कोणते इंजिन? नव्या प्रोसेसरमागचा गुंता

खोपोलीच्या शिळफाट्यावरून पुण्याकडे निघालेल्या प्रत्येक चालकाला पुढे बोरघाट आहे, हे ठाऊक असते. मालाने लादलेला ट्रक असो वा एसटी, चढ लागण्यापूर्वीच गिअर बदलण्याची तयारी असते. रेल्वेचा हिशेब याहून स्पष्ट आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना जवळच्या कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या भाषेत हे 'बँकर'. १८६३ साली सुरू झालेल्या या घाटमार्गाचा चढ दर ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. घाट संपला की बँकरचे काम संपते. सपाटीवरही ही इंजिने जोडून ठेवण्याचा अव्यवहार कोणी करीत नाही.

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये मात्र हा अव्यवहार अनेक वर्षे सुखेनैव चालला होता. पत्र टंकलिखित करायचे असो वा चित्रपटाचे संपादन, काम त्याच शक्तिमान आणि वीजखाऊ कोअरवर होत असे. प्रोसेसरमधील प्रत्यक्ष आकडेमोड करणारा भाग म्हणजे कोअर. दोनाचे चार आणि चाराचे आठ कोअर झाले, तरी सगळे एकाच साच्याचे. 'हायब्रिड' प्रोसेसरने हा साचा मोडला. त्यात थोडे मोठे, वेगवान कोअर असतात आणि त्यांच्या जोडीला लहान, कमी विजेवर चालणारे कोअर. इंटेलच्या परिभाषेत ते अनुक्रमे पी-कोअर आणि ई-कोअर. एका पी-कोअरच्या जागेत साधारण चार ई-कोअर मावतात.

दुकानातील विक्रेता 'दहा कोअरचा लॅपटॉप' म्हणतो, तेव्हा म्हणूनच थोडे थांबून विचारावे लागते. इंटेलच्या बाराव्या पिढीतील आय५-१२३५यू या प्रोसेसरमध्ये कोअर दहा आहेत हे खरे. पण त्यांतील मोठे फक्त दोन. उरलेले आठ लहान. यात फसवणूक नाही. मात्र जुन्या हिशेबाने दहा म्हणजे दहापट असे समजणाऱ्याचा अपेक्षाभंग ठरलेला.

ही कल्पना मोबाइलमधून आली. ब्रिटनच्या आर्म कंपनीने २०११च्या ऑक्टोबरमध्ये 'बिग-लिटल' ही रचना जाहीर केली. २०१३ साली भारतात विकल्या गेलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-४ मध्ये आठ कोअरचा प्रोसेसर होता. त्याची 'ऑक्टा' म्हणून मोठी जाहिरात झाली. प्रत्यक्षात एका वेळी चारच कोअर चालत, एकतर चारही मोठे किंवा चारही लहान. आठही कोअर एकत्र आणि स्वतंत्रपणे वापरण्याची सोय पुढील प्रोसेसरमध्ये आली. आज खिशातल्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये दोन किंवा तीन प्रकारचे कोअर असतात, पण फोनच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पत्ता लागू न देणे, हेच खरे कौशल्य.

हे कौशल्य प्रोसेसरचे नाही, ऑपरेटिंग सिस्टीमचे आहे. संगणकावर एका वेळी शेकडो लहान-मोठी कामे चालू असतात. त्यांतील कोणते काम कोणत्या कोअरवर आणि किती वेळ चालवायचे, हे ऑपरेटिंग सिस्टीममधील 'शेड्युलर' नावाचा भाग ठरवतो. कर्जतला बँकर कोणत्या गाडीला लावायचे, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासारखीच त्याची जबाबदारी. फरक एवढाच की, या अधिकाऱ्याला गाड्यांचे वेळापत्रक आधी मिळत नाही. कोणत्या गाडीत मालाच्या गोणी आहेत आणि कोणत्या गाडीचे डबे रिकामे, हेही त्याला ठाऊक नसते. सगळे कोअर सारखे असताना त्याचे काम सोपे होते : जो रिकामा दिसेल त्याला काम द्यायचे. कोअर असमान झाल्यावर 'रिकामा' आणि 'योग्य' यांत अंतर पडले.

टेबलावरच्या संगणकासाठी इंटेलने हे धाडस २०२१च्या नोव्हेंबरमध्ये केले. बाराव्या पिढीतील आय९-१२९००के या प्रोसेसरमध्ये आठ मोठे आणि आठ लहान कोअर होते. सोबत 'थ्रेड डायरेक्टर' ही यंत्रणा प्रोसेसरमध्येच बसवण्यात आली. चालू काम कोणत्या प्रकारच्या सूचना देत आहे, हे ती सतत पाहते आणि मोठ्या कोअरवर नेल्यास त्याला किती लाभ होईल, याचा अंदाज शेड्युलरला कळवते. निर्णय मात्र शेड्युलरचाच. हा सल्ला ऐकून घेण्याची तयारी करून मायक्रोसॉफ्टची विंडोज ११ महिनाभर आधीच बाजारात आली होती. विंडोज १० ला कोणता कोअर वेगवान एवढे समजते. प्रत्येक कामाबाबत मिळणारा सल्ला घेण्याची सोय तिच्यात नाही.

येथे एक बारकावा आहे. मोठ्या कोअरवर एकाच वेळी दोन कामे चालवता येतात, म्हणजे कोअर एक आणि रांगा दोन. मग नवे काम आले तर ते मोठ्या कोअरच्या दुसऱ्या रांगेत उभे करायचे की रिकाम्या लहान कोअरकडे पाठवायचे? उत्तर आहे लहान कोअर, कारण दुसरी रांग पहिलीचाच वेग खाते. शेड्युलर आधी मोठ्या कोअरची पहिली रांग भरतो, मग लहान कोअर आणि शेवटी दुसऱ्या रांगा. इंटेलने तर २०२४च्या 'लूनर लेक' प्रोसेसरमध्ये ही दुसरी रांगच काढून टाकली.

प्रारंभ निर्विघ्न झाला नाही. पन्नासहून अधिक संगणकीय खेळ नव्या प्रोसेसरवर अडखळू लागले. चोरून नक्कल होऊ नये म्हणून खेळात बसवलेली पहारेकरी आज्ञावली लहान कोअरकडे पाहून हा दुसराच संगणक असल्याचा समज करून घेत होती. तात्पुरता उपाय मजेशीर होता. बायोसमधील एक पर्याय सुरू करून कळफलकावरील 'स्क्रोल लॉक' ही विस्मृतीत गेलेली कळ दाबायची. लहान कोअर झोपी जात आणि खेळ सुरू होई. पुढे खेळांच्या सुधारित आवृत्त्या आल्या.

दुसरी अडचण मुळातली होती. 'एव्हीएक्स-५१२' हा मोठ्या आकडेमोडीसाठीचा सूचनासंच पी-कोअरला समजत होता, ई-कोअरला नाही. मोठ्या कोअरवर सुरू झालेले असे काम शेड्युलरने मध्येच लहान कोअरवर हलवले, तर ते तेथेच कोसळणार. इंटेलने अखेर मोठ्या कोअरचीही ही क्षमता बंद केली. म्हणजे दोन भावांपैकी एकाला संस्कृत येत नाही म्हणून दुसऱ्यालाही बोलण्यास मनाई! एएमडीने २०२३ साली लॅपटॉपसाठी मिश्र कोअरची वाट धरली तेव्हा हा प्रश्न टाळला. तिचे लहान कोअर मोठ्यांचीच आटोपशीर आवृत्ती असून दोघांना सारख्याच सूचना कळतात.

लिनक्सने फोनच्या निमित्ताने हा अभ्यास आधीच केला होता. विजेचा खर्च पाहून काम वाटणारा शेड्युलर २०१९च्या ५.० आवृत्तीत मुख्य प्रवाहात आला. इंटेलच्या यंत्रणेकडून माहिती घेण्याची पहिली सोय २०२२च्या ५.१८ आवृत्तीत. अॅपलचा मार्ग वेगळा. २०२०च्या एम१ प्रोसेसरमध्ये चार मोठे आणि चार लहान कोअर होते, आणि काम किती तातडीचे आहे, हे आज्ञावली लिहिणाऱ्यानेच सांगण्याची पद्धत अॅपलने त्याआधीच रुजवली होती. प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टीम एकाच घरची असल्याचा हा लाभ.

शहरी वाचकाच्या दृष्टीने हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर किंवा जुना प्रिंटर चालावा म्हणून नव्या संगणकावर विंडोज १० घालून घेणारी कार्यालये, छपाईची दुकाने सर्वत्र आहेत. त्यांनी मोजलेल्या किमतीचा एक भाग वाया जातो. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांसाठी सुरक्षा-सुधारणांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठेवण्यात आली.

विंडोज ११ घेऊनही सर्व चिंता मिटते असे नाही. लग्नाचे चित्रीकरण रूपांतरित करायला लावून ती खिडकी खाली दडवली आणि दुसरे काम हाती घेतले, की ऑपरेटिंग सिस्टीम त्या कामाला दुय्यम समजून लहान कोअरकडे ढकलू शकते. तासाभराचे काम मग रेंगाळते. अशा वेळी संगणक दुरुस्तीला नेण्यापूर्वी ती खिडकी डोळ्यासमोर उघडी ठेवून पाहावी, अथवा वीजवापराच्या पर्यायांत 'उच्च कार्यक्षमता' निवडावी. लॅपटॉप त्या वेळी चार्जरला जोडलेला असलेला बरा.