उपवास, उपाशीपोट आणि तरुण मन

रक्तातली चरबी म्हणजे मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा सुमारे पाचवा हिस्सा तिथे असतो. हे कोलेस्टेरॉल मेंदू स्वतःच तयार करतो. रक्तातले कोलेस्टेरॉल तिथे सहसा पोहोचत नाही. त्यामुळे लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातली चरबी मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावरून पोराच्या मनात काय चालले आहे ते कळत नाही. तरीही रक्तातली चरबी आणि मन यांचे नाते आहे; ते आडवाटेचे आहे, एवढेच.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या केंद्र सरकारच्या पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या १६ टक्के मुलामुलींचे ट्रायग्लिसराइड जास्त आढळले. हृदयाला उपकारक मानले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांमध्ये कमी होते. पोरगे काटकुळे आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, हातापायांनी बारीक, पण कातडीखालची चरबी त्यामानाने टिकून असलेली.

मन खचले की झोप मोडते, मैदान सुटते, वडापाव आणि बिस्किटांवर दिवस निघतो. ट्रायग्लिसराइड चढते, एचडीएल उतरते. उलटही घडते: लठ्ठपणा, त्यावरची चिडवाचिडवी आणि शरीरातला सौम्य दाह मनावर येतो. अन्न तोडणाऱ्या मुलींमध्ये तर उपासमारीनेच कोलेस्टेरॉल वाढलेले सापडते. कोलेस्टेरॉल उतरवले की आत्महत्या वाढतात, अशी शंका १९९० च्या सुमारास घेतली गेली होती. पुढे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या मोठ्या चाचण्यांत तिला पुष्टी मिळाली नाही.

या नात्यातला सर्वांत पक्का आणि सर्वांत दुर्लक्षित धागा औषधांचा आहे. स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधे भूक खवळवतात. काही आठवड्यांत वजन वाढते, रक्तातली चरबीही वाढते, आणि हा परिणाम कोवळ्या वयात अधिक दिसतो. गोळी घरच्यांनी आपल्या मनाने बंद करणे घातक, आजार उसळतो. उपाय साधा आहे: औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी वजन, साखर व लिपिड तपासणे. गरज पडल्यास डॉक्टर औषध बदलून देतात.

एकादशी पाळणाऱ्या पंढरपुरात या तपासणीत एक घोटाळा सहज होऊ शकतो. रक्त घेणारा विचारतो, ‘‘काही खाल्लंय का?’’ उत्तर येते, ‘‘नाही, एकादशीचा उपवास आहे.’’ पोटात मात्र तासाभरापूर्वीची साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वर शेंगदाण्याचे कूट आणि तूप. अशा खाण्यानंतर ट्रायग्लिसराइड काही तास चढलेले राहते आणि आकडा फसवतो. लॅबचे उपाशीपोट आणि एकादशीचा उपवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच पंढरपूरच्या वारीत आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालले जाते. नियमित चालण्याने ट्रायग्लिसराइड उतरते आणि सौम्य नैराश्यातही उतार पडतो. पण त्यासाठी चालणे वर्षभर हवे, पंधरा-वीस दिवसांचे पुरत नाही.

मनाच्या आजारावर औषध घेणारा तरुण घरात असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना लिपिड तपासणीचे जरूर विचारावे. तपासणीसाठी एकादशी टाळावी, रात्री आठला नेहमीचे जेवण करावे आणि सकाळी आठला रक्त द्यावे. मधे फक्त पाणी.